पास आउट

लग्नाचा बायोडेटा बघा, नोकरीची जाहिरात बघा, नाहीतर शाळेतल्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बघा, एक शब्द तिथे हमखास सापडतो, पास आउट. "2009 पासआउट." "फक्त 2023 आणि 2024 पासआउट उमेदवारांनीच अर्ज करावा." "आमची मोठी गेल्या वर्षी पास आउट झाली, आता चाकणला जॉबला लागलीये." इतका अंगवळणी पडलाय हा शब्द की आपण इंग्रजी बोलतोय हे बोलणाऱ्याच्या मनातही येत नाही. आणि तरीही मधून मधून कुणीतरी एक फॉरवर्ड पाठवतंच, भारतीय लोक इंग्रजीत काय काय चुका करतात त्याची यादी, आणि त्या यादीत हा असतोच. पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणे, कॉलेज झालं की ग्रॅज्युएटेड म्हणा, वगैरे. आणि खाली हसण्याच्या इमोजींची रांग.

मला ह्या फॉरवर्डचा मनापासून राग येतो. का येतो ते आज जरा सविस्तर लिहायचंय.

मी सुट्टीच्या दिवशी डिप्लोमा आणि आयटीआयच्या मुलांची स्पोकन इंग्लिशची बॅच घेते, सोबत रिझ्युमे आणि इंटरव्ह्यूची तयारी. मुलं बहुतेक बाहेरगावची, कॉट बेसिसवर राहणारी, मेसचा डबा खाणारी. एकदा मॉक इंटरव्ह्यूसाठी बाहेरून एका अनुभवी गृहस्थांना बोलावलं होतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली एक मुलगी समोर बसली, घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच, लेथ, मिलिंग, टॉलरन्स, ड्रॉइंग वाचणं सगळं तिला चोख येत होतं. टेल मी अबाउट युअरसेल्फ झालं आणि तिने सुरुवात केली, "सर, आय पास्ड आउट फ्रॉम पॉलिटेक्निक इन..." आणि ते मध्येच म्हणाले, "अरे बापरे, मग हॉस्पिटलमध्ये नेलं का कुणी?" वर्ग हसला. तिला विनोद कळलाच नाही, पण सगळे आपल्यालाच हसतायत एवढं बरोबर कळलं. त्यानंतर ती येस सर आणि नो सर एवढंच बोलली. विषयाचे प्रश्न आले तेव्हासुद्धा.

तिचं वाक्य चुकलं नव्हतं. हेच मला ठासून सांगायचंय.

हा शब्द आपल्याकडे कुणा अडाण्याच्या तोंडून पडून रुजलेला नाही. तो परेड ग्राउंडवरचा शब्द आहे. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी किंवा पोलीस प्रशिक्षण संस्थेतला कोर्स पूर्ण करून बाहेर पडणं ह्याला पास आउट म्हणतात, चांगल्या ब्रिटिश डिक्शनऱ्यांमध्ये हा अर्थ आजही छापलेला असतो, बेशुद्ध पडण्याच्या अर्थाच्या शेजारीच. आणि त्या शेवटच्या दिवशीचं संचलन म्हणजे पासिंग आउट परेड. इंग्लंडात सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत 44 आठवड्यांचा कोर्स संपला की जी परेड होते तिचं अधिकृत नाव सॉव्हरिन्स परेड. नवे अधिकारी ओल्ड कॉलेजच्या पायऱ्या चढून दारातून आत जातात आणि त्यांच्या मागोमाग ॲडज्युटंट, म्हणजे परेडची व्यवस्था बघणारा अधिकारी, घोड्यावर बसून त्याच पायऱ्या चढतो. ही सगळी पद्धत आपल्याकडे सैन्याबरोबर आली. डेहराडूनची आयएमए, म्हणजे इंडियन मिलिटरी अकादमी, 1932 मध्ये सुरू झाली, तिथे पास आउट होणारे कॅडेट चेटवोड इमारतीपाशी शेवटचं पाऊल टाकतात, त्याला 'अंतिम पग' म्हणतात. काय सुंदर नाव आहे बघा.

आणि आपल्या पुण्याचं तर विचारूच नका. खडकवासल्याच्या एनडीएची, म्हणजे नॅशनल डिफेन्स अकादमीची, पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते 6 ऑक्टोबर 1949 ला झाली आणि उद्घाटन जानेवारी 1955 मध्ये. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि थंडीत, तिथल्या खेत्रपाल मैदानावर पासिंग आउट परेड होते. मी राहते त्या सिंहगड रोडच्या बाजूला ती जवळ आली की आधी आवाजानेच कळतं, सरावाची विमानं डोक्यावरून जातात, गच्चीवर वाळत घातलेल्या पापड-कुरडयांपाशी बसलेली पोरं माना वर करून बघत राहतात. मग पेपरात फोटो, टोप्या हवेत उडालेल्या, शेजारी आई-वडील. तीन वर्षं, सहा टर्म, आणि मग पास आउट. गंमत बघा, एनडीएतून पास आउट झालेला मुलगा अजून अधिकारी झालेलाच नसतो, त्याला पुढे लष्करासाठी डेहराडून, नौदलासाठी एळिमला नाहीतर हवाई दलासाठी दुंडीगलच्या अकादमीत जाऊन आणखी ट्रेनिंग घ्यावं लागतं आणि मग खांद्यावर स्टार लागतात. म्हणजे ह्या शब्दात कामगिरी फत्ते झाल्याचा भाव कमीच, एका फाटकातून बाहेर पडून पुढच्या फाटकाकडे निघाल्याचा जास्त. 30 मे 2025 ला एनडीएतून मुलींची पहिली तुकडी पास आउट झाली, 17 जणी, सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये मुलींना परीक्षेला बसू द्या म्हटल्यावर 2022 मध्ये दाखल झालेल्या. त्या दिवशी इंग्रजी पेपरांत, टीव्हीवर सगळीकडे पास्ड आउट हेच क्रियापद होतं. त्या मुलींच्या बाबतीत कुणाला हॉस्पिटल आठवलं नाही. मग माझ्या डिप्लोमावालीच्याच वेळी का आठवावं?

मराठीत ह्याला दीक्षांत संचलन म्हणतात, नाशिकच्या पोलीस अकादमीतून नवे फौजदार बाहेर पडतात तेव्हा बातमीत हाच शब्द असतो. चांगला, भारदस्त शब्द आहे. पण त्या फौजदाराची आई शेजारणीला सांगताना "पोरगं पास आउट झालं" असंच सांगते आणि तिचंही बरोबरच आहे.

मैदानावरचा हा शब्द कॉलेजात कसा आला ह्याचा मला वाटणारा सगळ्यात मोठा मुद्दा आता सांगते, आणि फॉरवर्डवाल्यांनी ह्याचा विचारच केलेला नसतो. ते म्हणतात ग्रॅज्युएटेड म्हणा. अहो पण कसं म्हणणार? आपल्याकडे ग्रॅज्युएट ह्या शब्दाला एकच पक्का अर्थ आहे, पदवीधर. बीए, बीकॉम, बीएस्सी, बीई. विधान परिषदेला पदवीधर मतदारसंघ असतो, नोकरीच्या फॉर्ममध्ये 'एनी ग्रॅज्युएट' असतं, सरकारी जाहिरातीत किमान पात्रता पदवीधर असते. अमेरिकेत बारावी झालेलं पोरही हायस्कूलमधून ग्रॅज्युएट होतं, एवढंच काय बालवाडीतल्या लेकरांनाही टोपी घालून ग्रॅज्युएट करतात. आपल्याकडे आयटीआयमधून फिटर झालेला मुलगा, डीएड झालेली मुलगी, बारावी झालेला, डिप्लोमा झालेला, ह्यांच्यापैकी कुणी "आय ग्रॅज्युएटेड" म्हटलं तर ऐकणारा डिग्री आहे असं समजणार आणि सर्टिफिकेट बघितल्यावर म्हणणार खोटं बोलला. मग ह्यांनी काय म्हणायचं? त्यांना एक असं क्रियापद हवं होतं जे दहावीलाही चालेल, आयटीआयलाही चालेल आणि एमबीबीएसलाही, ज्यात शिक्षण कमी की जास्त हे कुणी मोजणार नाही, शिक्षण पूर्ण करून बाहेर पडलो एवढंच कळेल. पास आउट नेमकं तेच करतो. डॉक्टरही पास आउट, वेल्डरही पास आउट. ज्या देशात शिक्षणावरून माणसाची पायरी ठरवायची एवढी सवय आहे तिथे दोघांना एकच क्रियापद मिळालं ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, आणि ते हिसकावून घेऊन वर हसणारे लोक नक्की काय हिसकावतायत हे त्यांना कळतच नाही.

शिवाय त्यात 'पास' आहे. आपल्याकडच्या मुलांना विचारा ह्या दोन अक्षरांचं वजन काय असतं. एटीकेटी लागलीये, दोन विषय राहिलेत, इयर डाउन झालंय, एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, चौथ्यांदा दिलाय, आणि मग एके दिवशी रात्री रिझल्टची साइट उघडते आणि ऑल क्लिअर. कॉलेज चार वर्षांपूर्वी संपलेलं असलं तरी एक विषय अडकला असेल तर तो मुलगा "अजून पास आउट नाही झालो" असंच म्हणतो. म्हणजे कॉलेज संपणं वेगळं आणि पास आउट होणं वेगळं, हा फरक सगळ्यांना नीट माहीत आहे. इतक्या बारकाईने वापरला जाणारा शब्द चूक कसा?

आणखी एक कारण आहे, ते आपल्या मराठीच्या आतलं. आपण म्हणतोच की, "मी नव्वदीत फर्ग्युसनमधून बाहेर पडलो." बाहेर पडणे! इंग्रजीतला आउट आपल्याकडे आधीपासूनच होता, मराठी माणसाला तो शिकवावा लागला नाही. परीक्षा पास आणि बाहेर पडणे, दोन्ही मिळून पास आउट, कान लगेच मान्य करतो. आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटतं ते पुढचं. शुद्ध गेली की आपण काय म्हणतो? बेशुद्ध पडणे. म्हणजे ज्या दोन अर्थांवरून एवढं हसतात ते दोन्ही मराठीतसुद्धा एकाच क्रियापदावर उभे आहेत, कॉलेजातून बाहेर पडला आणि उन्हात बेशुद्ध पडला. इंग्रजीत आउट एकच, आपल्याकडे पडणे एकच. पास आउटसारखी जोडक्रियापदं, म्हणजे फ्रेजल व्हर्ब, कठीण म्हणून आपण रडतो ना, मग मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाच्या जागी जरा उभं राहून बघा. आजारी पडणे, प्रेमात पडणे, पाया पडणे, महाग पडणे, कमी पडणे, उपयोगी पडणे, कार्य पार पडणे, ऊन पडणे, प्रश्न पडणे, तोंडघशी पडणे, सवय अंगवळणी पडणे. ह्यातलं खरोखर जमिनीवर किती जण पडले? आपण मात्र गोंधळत नाही, कारण शेजारचा शब्द अर्थ सांगतो. 1755 साली सॅम्युअल जॉन्सनने आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलं होतं की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून जे अर्थ होतात ते परक्यांना सगळ्यात जड जातात. म्हणजे इंग्रजांनाही हे पूर्वीपासून माहीत आहे, ह्यात आपल्या मुलांचा मठ्ठपणा काही नाही.

आता तो दुसरा अर्थ. तोही नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो खरा आहे आणि जगभर तोच जास्त चालतो. चक्कर येऊन, घेरी येऊन, भोवळ येऊन माणूस खाली पडतो, काही क्षण शुद्ध नसते, त्याला पास आउट म्हणतात. त्याच्याच थोडं पुढे, खूप दमून किंवा खूप पिऊन सोफ्यावर आडवा झाला आणि हलवून उठेना, तर तेही पास आउट. शुद्धीवर आला की कम टू किंवा कम राउंड, आणि बघा, आपणही शुद्धीवर 'येणे'च म्हणतो.

शरीरात काय होतं तर मेंदूला जाणारं रक्त थोडा वेळ कमी पडतं. खूप वेळ ताठ उभं राहिलं, पाय हलवले नाहीत, वर ऊन, की रक्त पायांत साचत जातं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते रक्त वर ढकलत असतात, ताठ उभ्या माणसाचं ते काम थांबतं, बीपी घसरतं आणि माणूस कोसळतो. आडवा झाला की रक्त पुन्हा डोक्याकडे जातं आणि बहुतेक वेळा मिनिटभरात डोळे उघडतात. आपल्याकडे अशा वेळी लगेच कांदा फोडून नाकाला लावतात आणि चारी बाजूंनी माणसं गोळा होतात, पण खरी गरज असते ती उताणं झोपवून पाय जरा उंच करायची, हवा येऊ द्यायची, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतायचं नाही. लगेच शुद्ध आली नाही, छातीत दुखतंय म्हणाला, बोलणं जड झालं तर मात्र वेळ न घालवता दवाखाना. हे माझ्या बॅचमधल्या मुलांना मी ह्या शब्दाच्या निमित्ताने दरवेळी सांगते, फिटर-वेल्डर होणारी मुलं आहेत, शॉप फ्लोअरवर उन्हाळ्यात पत्र्याखाली उभी राहणार आहेत.

आणि हे दोन्ही अर्थ प्रत्यक्षात एकत्र येतात ते परेडलाच! जून 2023 मध्ये लंडनला ट्रूपिंग द कलरच्या, म्हणजे राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाच्या, आधीची परेड होती, प्रिन्स विल्यम पाहणी करत होते, तापमान तीसच्या आसपास, आणि लोकरीचे लाल कोट, अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घातलेले काही सैनिक रांगेतच कोसळले. एक ट्रॉम्बोन वाजवणारा तर पडल्यावर पुन्हा उठून वाजवायला लागला होता, तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल. इंग्रजी वाचणाऱ्यांना बातमीतलं पास्ड आउट वाचताना क्षणभरही शंका आली नाही की हे सैनिक कोर्स पूर्ण करून निघालेत की काय. संदर्भ होता ना समोर. आपल्या शाळांच्या मैदानावरही 15 ऑगस्टच्या भाषणांना असं एखादं लेकरू पडतंच, सकाळी उपाशी आलेलं असतं, त्यात पाहुण्यांचं भाषण लांबतं. ह्याबद्दल शाळांनी खरंच विचार करायला पाहिजे, लहान मुलांना बसवून भाषण ऐकवलं तर झेंड्याचा काही अपमान होत नाही. असो, विषय वेगळा झाला.

मग अर्थ ओळखायचा कसा? आजूबाजूचे शब्द बघायचे. मागून 'ऑफ' आला, पास्ड आउट ऑफ सँडहर्स्ट, तर संस्था. मागून 'फ्रॉम' आला, पास्ड आउट फ्रॉम द हीट, तर कशामुळे शुद्ध गेली ते कारण. आणि इथेच आपली खरी गडबड आहे, आपण कॉलेजच्या आधी 'फ्रॉम' लावतो, कारण मराठीतलं 'कॉलेजमधून' डोक्यात असतं, आणि अमेरिकन कानाला तो 'फ्रॉम' उष्णतेच्या नाहीतर दारूच्या जागी ऐकू येतो. त्यांच्या गोंधळामागे हेसुद्धा एक कारण आहे, पण ही बारीक गोष्ट हसणाऱ्यांपैकी कुणी कधी सांगत नाही. तिसरा अर्थ वाटण्याचा. टीचर पास्ड आउट द पेपर्स, म्हणजे पेपर वाटले, आणि कर्म सर्वनाम असेल तर ते मध्ये शिरतं, पास देम आउट. पहिल्या दोन अर्थांत असं मध्ये काही घालताच येत नाही. बोलताना जोर तिन्हीकडे आउटवर.

नाम झालं की मात्र जोर पहिल्या शब्दावर येतो. ड्रॉप आउट हे क्रियापद, ड्रॉपआउट म्हणजे शाळा सोडलेला मुलगा. हँड आउटचं हँडआउट, ब्लॅक आउटचं ब्लॅकआउट. इंग्रजीची ही स्वतःची जुनी रीत आहे आणि आपण नेमकी तीच वापरून पासआउट असं नाम केलं, 'ती 2016 ची पासआउट आहे'. मला हे फार आवडतं. शाळा अर्ध्यात सोडणाऱ्यासाठी इंग्रजीकडे शब्द होता, ती पूर्ण करणाऱ्यासाठी तेवढाच छोटा, तसाच घडलेला शब्द आपण केला. व्याकरणाचा एकही नियम मोडलेला नाही. खुद्द इंग्रजी मुलखात पासआउट हे नाम काही ठिकाणी वेगळंच असतं, स्टेडियममधून मध्येच बाहेर जाऊन परत येण्यासाठी देतात ती चिठ्ठी.

ह्याच घराण्यातले बाकीचे चटकन सांगते, कारण त्यातला एक चुकला तर खरंच अनर्थ होतो. पास अवे म्हणजे वारले, हा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पास ऑन म्हणजे निरोप पुढे देणे, पण पास्ड ऑन एवढंच म्हटलं तर तेही वारले. पास अप म्हणजे आलेली संधी नाकारणे, आणि पास ओव्हर म्हणजे प्रमोशनला आपल्याला डावलून दुसऱ्याला नेलं.

तर मुलांना मी काय सांगते. नाशिक, नगर, पुणे, बंगळुरू, कुठल्याही भारतीय कंपनीत इंटरव्ह्यू असेल तर पास आउट बिनधास्त म्हणा, समोरचा एचआरवालाही स्वतःच्या कॉलेजबद्दल तेच म्हणतो. समोर अमेरिकन किंवा बाहेरच्या देशातला माणूस असेल, व्हिसाचा फॉर्म असेल, परदेशी कंपनीचा रिझ्युमे असेल तर डिग्रीवाल्यांनी ग्रॅज्युएटेड फ्रॉम, डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांनी कम्प्लीटेड माय डिप्लोमा, कम्प्लीटेड माय ट्रेड सर्टिफिकेट असं म्हणावं. पाव्हण्याशी, मास्तरांशी आणि आजीशी आपण एकाच मराठीत बोलतो का? नाही ना, तसंच इंग्रजीत. आणि तरी तोंडातून पास्ड आउट निघालंच आणि समोरचा गोंधळला, तर घाबरायचं नाही, एक वाक्य तयार ठेवायचं, "इन इंडिया वी से पास्ड आउट व्हेन वी फिनिश अ कोर्स, इट कम्स फ्रॉम द मिलिटरी पासिंग आउट परेड." हे वाक्य आम्ही बॅचमध्ये मोठ्याने म्हणून घेतो, प्रत्येकाकडून.

ती मुलगी आता एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे. बॅचला कधी मधी येते, नव्या मुलांचे मॉक इंटरव्ह्यू तीच घेते. समोरचा मुलगा "आय पास्ड आउट" म्हणाला की ती मान डोलावते आणि पुढचा प्रश्न विचारते, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरच्या लीस्ट काउंटचा.